मोडल्याचा कागद

आपल्याकडे लग्न झाल्याचा पुरावा शोधावा लागत नाही, तो सगळीकडे सांडलेला असतो. माळ्यावर अल्बम असतो, व्हिडिओ कॅसेटची सीडी आणि सीडीचा पेनड्राइव्ह झालेला असतो, आहेरातलं घड्याळ बंद पडूनही भिंतीवर असतं, आणि मठ्ठा आंबट होता हे चाळीस वर्षांनीही ठणकावून सांगणारे नातेवाईक हयात असतात. कायदाही याहून फार काही मागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदी आहे. सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं. नोंदणी केली तर चांगलंच, पण केली नाही म्हणून लग्न खोटं ठरत नाही.

मोडतं ते मात्र कागदावरच. सासर सोडलं, मंगळसूत्र डबीत गेलं, स्टीलची भांडी मोजून परत आली, वीस वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, तरी हुकूमनामा होत नाही तोवर दोघं नवराबायकोच. बरं, या प्रसंगाला ना आमंत्रण, ना पंगत. हजर कोण, तर दोन वकील, एक लघुलेखक आणि दाराबाहेर आपला पुकारा कधी होतोय याची वाट बघणारं दुसरं जोडपं. यातल्या एकालाही पुढे ती तारीख आठवत नाही. ज्या दोघांना आठवते, ती दोघं सांगत नाहीत.

कायद्याने यावर एक सौजन्याची तरतूद करून ठेवली आहे. त्याच कायद्याचं तेविसावं कलम सांगतं की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की न्यायालयाने त्याची एकेक प्रत दोघांनाही विनामूल्य द्यायची. लग्नात गुरुजींपासून घोड्यापर्यंत कोणी फुकट येत नाही. मोडल्यावर मात्र सरकार स्वखर्चाने पोच देतं. हे वाचलं तेव्हा मला संसदेविषयी जरा आपुलकी वाटली.

पण ती प्रत घरी येते आणि नाहीशी होते. आई ती कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवते. वडील ती एलआयसीच्या फायलीत ठेवतात, कारण ती फाईल घरात दुसरं कोणी उघडत नाही. जिचा कागद, ती तो एका जाड लिफाफ्यात घालते, लिफाफ्यावर काहीच लिहीत नाही, आणि मग तसेच कोरे दिसणारे लिफाफे घरात वाढत जातात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं वाक्य ठरलेलं असतं : ‘सध्या इकडेच असते.’ हे ‘सध्या’ पंचवीस वर्षं चाललेली घरं मी पाहिली आहेत. ज्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, तिचा कागद हाताशी ठेवणार तरी कसा? आणि मग एक दिवस कोणी तरी खिडकीआडून तो मागतं. पासपोर्टवरचं नवऱ्याचं नाव काढायचं असतं, दुसऱ्या लग्नाची नोंदणी करायची असते, व्हिसाच्या अर्जात एका चौकोनात खूण केलेली असते. खिडकीआडचा माणूस खोचकपणे विचारत नाही. त्याला रकाना भरायचा असतो. घरातल्यांनी इतकी वर्षं टाळलेलं वाक्य तो दोन शब्दांत विचारतो, ‘डिक्री आणलीत?’

माझ्या आतेबहिणीला, ताईला, हा कागद लागला तो पेन्शनसाठी. आत्याचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, सगळं आयुष्य दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांत गेलेलं. ताई पहाडगंजच्या नूतन मराठीत शिकली, तिचं लग्न दिल्लीत झालं आणि मोडलंही दिल्लीतच. आता ती कोथरूडला एकटी राहते. केंद्राच्या नियमांत घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असलं तर. पूर्वी अट अशी होती की हुकूमनामा आईवडिलांच्या हयातीत झालेला असावा. म्हणजे न्यायालयाच्या तारखा आणि आईचा रक्तदाब यांची शर्यत. १९ जुलै २०१७ च्या आदेशाने ही अट सैल केली : दावा आईवडिलांपैकी कोणी हयात असताना दाखल झाला असेल, तर हुकूमनामा नंतर आला तरी चालेल.

ताईचं नेमकं तसंच होतं. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला दोन पायऱ्या असतात, दिल्लीच्या वकिली भाषेत पहिली मोशन आणि दुसरी मोशन. मध्ये किमान सहा महिने जाऊ द्यायचे, त्या काळात दोघांचं मन बदललं तर बदलू द्यायचं, अशी १९७६ च्या दुरुस्तीची कल्पना. (२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समेटाची काहीच आशा नसेल तर हे थांबणं माफ करता येईल.) ताईच्या त्या सहा महिन्यांत मन कोणाचंच बदललं नाही, पण आत्या गेली. पहिली मोशन आत्या असताना, दुसरी आत्याच्या वर्षश्राद्धाच्या आत. पेन्शनसाठी म्हणजे नुसता हुकूमनामा पुरेना. पहिला अर्ज कधी दाखल झाला, तेही दाखवणं आलं.

फुकटची प्रत? ती ताईने अतिशय जपून ठेवली होती. इतकी, की सापडली नाही.

दिल्लीला निघालेल्या मराठी माणसाला नातेवाईक रिकाम्या हाती जाऊ देत नाहीत. पूर्वी चकलीचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या पोचवाव्या लागत. मला ताईने वकीलपत्र, अधिकारपत्र, आधारची साक्षांकित प्रत आणि एक सूचना दिली, ‘तिकडे कोणाला सांगत बसू नकोस कशासाठी आलायस.’ मी उतरलो होतो कस्तुरबा गांधी मार्गावर, नव्या महाराष्ट्र सदनात. हे सदन २०१३ साली सुरू झालं. जुनं तिथून जवळच, कोपर्निकस मार्गावर. न्याहारीला जमलेल्या लोकांत आमदारांचे स्वीय सहायक, यूपीएससीच्या मुलाखतीला आलेली मुलं, सर्वोच्च न्यायालयात तारीख असलेले साखर कारखान्याचे संचालक, असं सगळं असतं. प्रत्येकाच्या काखेत एक फाईल. माझ्या काखेतल्या फायलीकडे पाहून समोरच्या काकांनी विचारलं, ‘जमिनीचं आहे का?’ मी हो म्हटलं. मराठी माणसाला जमिनीचा वाद पटकन पटतो आणि तो पुढे फार खोदत नाही.

हा रस्ता कॅनॉट प्लेसच्या वर्तुळातून निघतो आणि इंडिया गेटच्या षट्कोनाला येऊन मिळतो. वरच्या अंगाला उंच इमारती, वर्तमानपत्राची कचेरी, ब्रिटिश कौन्सिल. चार्ल्स कोरियांची ती इमारत आणि तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांनी काळ्या-पांढऱ्या दगडात उभं केलेलं झाड बघायला जरा थांबावंच. जुनं नाव कर्झन रोड. स्वातंत्र्यानंतर लॉर्डसाहेब गेले आणि कस्तुरबा आल्या. बहुतेक रस्त्यांची नावं आपण पत्त्यापुरती उच्चारतो, पण घटस्फोटाच्या कामासाठी निघालेल्या माणसाला या नावापाशी थबकायला हवं.

कस्तुरबांचं लग्न कुठल्याच दप्तरात नोंदलेलं नव्हतं. पोरबंदरला, नवरानवरी तेरा वर्षांची, आणि खर्च वाचावा म्हणून घरातली तीन लग्नं एकाच वेळी उरकलेली. पुढे मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एका मुस्लिम स्त्रीच्या प्रकरणात निकाल दिला. त्याचा अर्थ असा निघाला की ख्रिस्ती विधीने न झालेली किंवा तिथल्या कायद्याप्रमाणे नोंदणी न झालेली लग्नं त्या देशात लग्नंच नाहीत. एका सकाळी तिथल्या हजारो हिंदी बायका बायका राहिल्या नाहीत. तीस वर्षांचा संसार, चार मुलगे, भर रस्त्यात झालेली भांडणं, सगळं जमेस धरूनही कस्तुरबा गांधी कायद्याने मोहनदास गांधींच्या कोणी नव्हत्या. घटस्फोट न घेता, अर्ज न करता, कोर्टाची पायरी न चढता. त्या कोर्टाची पायरी चढल्या त्या आरोपी म्हणून : सप्टेंबर १९१३ मध्ये इतर स्त्रियांबरोबर परवान्याशिवाय ट्रान्सव्हालची हद्द ओलांडली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. दुसऱ्या वर्षी तिथे कायदा होऊन ही लग्नं मान्य झाली. आपल्या लग्नाचा कागद नाही म्हणून तुरुंगात गेलेल्या बाईच्या नावाच्या रस्त्यावरून मी दुसऱ्या एका बाईचा लग्न मोडल्याचा कागद आणायला चाललो होतो. अधिकारपत्रावर सही ताईची होती, पण या कामात कस्तुरबांचीही संमती असावी असं उगाच वाटून गेलं.

रस्ता संपतो तिथे डाव्या हाताला बडोदा हाऊस. ल्यूटेन्सने बांधलेला गायकवाडांचा हा वाडा आज उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. आत आगगाड्यांची वेळापत्रकं चालतात, किंवा चालावीत अशी अपेक्षा असते. ज्या घराण्याचा हा वाडा, त्यातल्या सयाजीरावांनी हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला १९३१ साली. त्याही आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीला कायद्यात बसवलं होतं. मुंबई प्रांताला १९४७ उजाडावं लागलं आणि देशाला १९५५. दोन मराठी संस्थानिक या कामात दिल्लीच्या कितीतरी पुढे होते, हे मी त्या काकांना सांगायला हवं होतं.

अर्थात कायदा करणं आणि पाळणं ही दोन पिढ्यांची कामं असतात. सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांनी १९४३ मध्ये सीतादेवींशी दुसरं लग्न केलं. सीतादेवींचं पहिलं लग्न शाबूत होतं, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदू बाईला त्यातून सुटायची वाट नव्हती. त्यांनी धर्म बदलला, नवऱ्याला तो बदलायचं आवाहन केलं, त्याने नकार दिला, लग्न संपल्याचा आदेश मिळवला, आणि मग पुन्हा हिंदू होऊन त्या बडोद्याच्या महाराणी झाल्या. इकडे बडोद्यात आजोबांच्या राज्यातल्या कायद्याप्रमाणे एक बायको असताना दुसरी करायला बंदी. महाराजांचं म्हणणं, कायदे प्रजेसाठी असतात. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या लग्नावर बरेच कागद रंगवले. घटस्फोटाचा साधा कायदा नसला की माणसं किती लांबचा वळसा घालतात याचा इतका दागिन्यांनी मढलेला पुरावा दुसरा नसेल.

बडोदा हाऊसच्या पुढे कोपर्निकस मार्ग ओलांडला की पटियाला हाऊस. तोही ल्यूटेन्सचाच, आणि त्यात नवी दिल्ली जिल्ह्याचं न्यायालय. षट्कोनावरच्या या राजवाड्यांची वाटणी पाहण्यासारखी आहे : हैदराबाद हाऊसमध्ये परदेशी पाहुण्यांचे करार होतात, जयपूर हाऊसमध्ये चित्रं टांगतात, आणि पटियाला हाऊसमध्ये इतर खटल्यांबरोबर लग्नं सुटतात. शेजारच्या पुरवणी इमारतीत परराष्ट्र मंत्रालयाचा एक विभाग आहे. परदेशात दाखवायच्या कागदांवर अपोस्टिलचं प्रमाणपत्र देणारा. १४ जुलै २००५ पासून आपल्याकडे ही पद्धत लागू आहे. म्हणजे एकाच आवाराच्या एका दारातून घटस्फोट घ्यावा आणि शेजारच्या दारात तो साता समुद्रापार चालेल असा करून घ्यावा. आणि हे सगळं आहे टिळक मार्गावर! सर्वोच्च न्यायालयही तिथेच. रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हटलं तेव्हा त्यांच्या विरोधात लेखणी चालवणारे टिळक. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सुनावलं, रखमाबाईंनी तुरुंग चालेल म्हटलं, आणि १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन विषय मिटवला. घटस्फोट झालाच नाही, कारण तो नव्हताच. आज त्याच लोकमान्यांच्या नावाच्या पाटीखाली बायका रोज नांदायला न जाण्याचे कागद घेऊन बाहेर पडतात. लोकमान्यांनी यावर अग्रलेख नक्की लिहिला असता. कोणत्या बाजूने, हे शंभर वर्षांनंतर पैजेवर सांगायला मी धजणार नाही.

एवढं सगळं पाहून झाल्यावर मला कळलं की ताईची फाईल इथे नाहीच.

घटस्फोटाचा कागद शोधताना पहिला प्रश्न असतो कोणतं न्यायालय. लग्न जिथे लागलं तिथलं, दोघं शेवटचं एकत्र राहिली तिथलं, समोरचा पक्ष राहतो तिथलं, आणि २००३ पासून, अर्ज बायकोचा असेल तर, ती राहते तिथलंही, यांपैकी कुठेही दावा होऊ शकतो. राजधानीच्या परिसरात याची गंमत वाढते. लग्न दिल्लीत, फ्लॅट नोएडात, नोकरी गुरुग्रामात अशी जोडपी मेट्रोने रोज तीन राज्यांतून जातात आणि त्यांना त्याचं भानही नसतं. दावा लावायची वेळ आली की त्याच संसारावर दिल्ली, अलाहाबाद आणि पंजाब-हरियाणा अशी तीन उच्च न्यायालयं देखरेख करू शकतात हे समजतं. ताईचं प्रकरण जुनं, पहाडगंजकडचं, त्यामुळे ते तीस हजारीला. १९५८ पासूनचं हे न्यायालय. दिल्लीतली पहिली मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये धावली ती शहादरा ते तीस हजारी. अटलबिहारी वाजपेयी यांनी तिचं उद्घाटन केलं. आजन्म अविवाहित पंतप्रधानांच्या हातून शहराला न्यायालयाच्या दारापर्यंत पोचवणारी गाडी मिळावी, यात नियोजन आयोगाचा हात नसावा.

वकिलांच्या मुन्शींनी मला तिथे ताब्यात घेतलं. दिल्लीतला मुन्शी म्हणजे आपल्याकडचा वकिलाचा कारकून, पण त्याला सगळ्या खोल्यांची दारं कुठल्या बाजूला उघडतात हे ठाऊक असतं. त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘पहली की चाहिए, दूसरी की, या दोनों की?’ पुष्कळ माणसं पहिल्या मोशनचा आदेश हाती येताच घटस्फोट झाला समजतात, पेढेही वाटतात म्हणे. दोन मोशनना दोन वेगवेगळे क्रमांक असतात, दोन फायली होतात आणि कधी दोन निराळ्या न्यायाधीशांपुढे जातात. शिवाय निकालपत्र वेगळं आणि त्यावरून तयार होणारा हुकूमनामा वेगळा. पेन्शनवाले हुकूमनामा मागतात, परदेशवाले दोन्ही मागतात.

दुसरा प्रश्न नावाचा. इथे मराठीपण आडवं आलं. आत्याकडच्या रिवाजाप्रमाणे ताईचं लग्नात नाव बदललं होतं. तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नाव नवऱ्याखेरीज फारसं कोणी वापरलं नाही, पण वकिलाने अर्जात तेच घातलं. मध्ये नवऱ्याचं नाव, मग आडनाव. दिल्लीत मधल्या नावाची पद्धत नाही, त्यामुळे नोंदवहीत कोणी नवऱ्याचं नाव हेच आडनाव समजून चढवलेलं. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. संगणकावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून खटला शोधता येतो, प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांकही असतो. पण हे सुख नव्या घटस्फोटितांचं. जुन्यांना वही. मुन्शीजींनी ताईच्या तिन्ही नावांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ये कितनी बहनें हैं?’

संमतीच्या अर्जात वादी-प्रतिवादी नसतात. दोघंही अर्जदार, क्रमांक एक आणि क्रमांक दोन. भाजी काय करायची यावर ज्यांचं कधी जमलं नाही, ती दोघं इथे शेजारी शेजारी सही करून न्यायालयाला एकमुखाने विनंती करतात. त्या पानाची नक्कल मी नंतर पाहिली. दोघांच्या सह्या एकाच पेनाच्या होत्या.

निकाल लागला की फाईल काही काळ त्या न्यायालयाच्या अहलमदाकडे, म्हणजे फायली सांभाळणाऱ्या कारकुनाकडे, राहते आणि मग रेकॉर्ड रूममध्ये जाते. जाताना तिला गोशवारा क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसेल तर बस्त्यात बांधलेल्या हजारो फायलींत तुमची कोणती हे सांगायला देवही पुढे येणार नाही. म्हणून आधी अहलमदाच्या रजिस्टरातून गोशवारा काढायचा, मग नकलेचा अर्ज. अर्जात न्यायालयाचं नाव, खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख, कोणते कागद हवेत, साधी नक्कल की तातडीची. वर कोर्ट फीचा स्टॅम्प. मागणारा पक्षकार असेल किंवा त्याने नेमलेला वकील असेल, तर काम सरळ. परक्या माणसाला कारण सांगावं लागतं, आणि ते पटलं पाहिजे. हिंदू विवाह कायद्याच्या बाविसाव्या कलमात ही प्रकरणं बंद दाराआड चालवायची आणि छापायची नाहीत असं सांगितलंच आहे. मला ताईच्या सहीचं इतकं ओझं का दिलं होतं ते तेव्हा समजलं. तिच्या सूचनेमागेही संसदेचंच बळ होतं.

नक्कल हाती आली की तिच्या मागे तारखा असतात : अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. मला ही नेटकेपणाची हौस वाटली होती. मुन्शीजींनी समजावलं की अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस वगळतात, म्हणून त्या तारखांना किंमत. घटस्फोटाविरुद्ध अपिलाची मुदत नव्वद दिवस, आणि ती उलटल्याशिवाय दुसरं लग्न करता येत नाही. म्हणजे नवा मुहूर्त काढताना पंचांगाच्या आधी नकलेची मागची बाजू बघावी.

तिकडे अमेरिकेत हा सगळा उद्योग काउंटीत होतो. जिल्ह्यासारखी काउंटी, तीन हजारांहून जास्त, आणि सबंध देशाची एक यादी कुठेच नाही. राज्याच्या कचेरीतून घटस्फोट झाल्याचा दाखला मिळू शकतो, पण खरा हुकूमनामा ज्या काउंटीच्या न्यायालयाने दिला तिथल्या क्लार्ककडेच. माझ्या ओळखीच्या एका पुणेकर गृहस्थांनी मुलीसाठी आलेल्या तिकडच्या स्थळाची चौकशी याच मार्गाने केली. बऱ्याच ठिकाणी ही दप्तरं लोकांना खुली असतात. नाव टाका, फी भरा, प्रत घरी. गृहस्थ खूश झाले. स्थळ मूळचं न्यूयॉर्कचं निघालं तेव्हा थोडे कमी खूश झाले, कारण त्या राज्यात घटस्फोटाची फाईल पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून इतरांना बघू देत नाहीत. ‘मुलीच्या बापाला पक्षकार का नाही धरत?’ असा त्यांचा सवाल होता. जाहिरातीत मुलाने स्वतःला ‘निर्दोष घटस्फोटित’ म्हटलं होतं आणि त्याचाच दाखला यांना हवा होता. संमतीच्या घटस्फोटात दोष कोणाचा हे न्यायालय विचारतच नाही. निर्दोषपणाची नक्कल ना काउंटी देते, ना तीस हजारी. ती वधुवर सूचक मंडळंच देत आली आहेत, तीही जाहिरातीच्या दरात.

ताईला नकला पोचल्या. पहिल्या अर्जाच्या प्रतीवर दाखल झाल्याचा शिक्का स्पष्ट होता. त्या तारखेला आत्या होती. फोनवर ताई बराच वेळ त्या तारखेबद्दलच बोलत राहिली. त्या दिवशी कोर्टातून आल्यावर आत्याने साबुदाण्याची खिचडी केली होती, उपास नसताना. घटस्फोटाविषयी ताईच्या तोंडून इतकी वर्षं एक शब्द ऐकला नव्हता. शिक्का बघितल्यावर तिला खिचडीत दाण्याचं कूट कमी पडलेलंही आठवलं. मी कागदांना लॅमिनेशन करू नकोस एवढंच मध्ये सांगितलं.

काही दिवसांनी पुन्हा फोन. पेन्शनची फाईल पुढे सरकली होती, आता आणखी एक कागद हवा होता : पुनर्विवाह केलेला नाही, याचं प्रमाणपत्र. आणि ते एकदा देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यायचं असतं.

‘अरे, लग्न मोडल्याचा कागद तू आणलास,’ ताई म्हणाली, ‘आता न झाल्याचा मागतायत. न झालेल्या लग्नाची फाईल कुठल्या कोर्टात असते, तेवढं त्या तुझ्या मुन्शीजींना विचार. आणि हे बघ, या वेळी चार नकला काढ.’